स्थानिक झाडांचं चिन्ह? कुरतडलेलं पान!

बागप्रेमींच्या एखाद्या गटाने स्थानिक वनस्पतींसाठी चिन्ह शोधायला घेतलं की मधमाशीचं नाव हटकून पुढे येतं. कल्पना गोड, पण लंगडी. पेट्यांत पाळली जाणारी युरोपीय मधमाशी उत्तर अमेरिकेत सतराव्या शतकात माणसाने नेली, ऑस्ट्रेलियात १८२२च्या सुमारास. म्हणजे तिथे तीच पाहुणी! शिवाय परदेशी फुलांचंही तिला वावडं नाही. एखादं ठरावीक झाड घ्यावं, तर घाणेरी अमेरिकेच्या उष्ण भागात स्थानिक आणि आशिया-आफ्रिकेत उपद्रवी तण. हिरवं पान तर ज्याला 'नैसर्गिक' म्हणून माल खपवायचाय तो प्रत्येकजण छापतो.

माझं मत कुरतडलेल्या पानाला.

पानं खाणाऱ्या बऱ्याच कीटकांना वाटेल ते पान चालत नाही. झाडं बचावासाठी विषारी रसायनं बनवतात आणि काही कीटक पिढ्यानपिढ्या त्यावर तोड काढत जातात. पॉल एर्लिक आणि पीटर रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ साली फुलपाखरांच्या खाद्यवनस्पती तपासून ही सहउत्क्रांती मांडली.

उत्तर अमेरिकेतलं मिल्कवीड घ्या. हे आपल्या रुईच्या नात्यातलं, तोडलं की पांढरा चीक गळतो. मोनार्क फुलपाखराची मोठी अळी आधी पानाची मधली शीर चावून ठेवते. चीक तिथेच वाहून जातो, पान लोंबकळतं, मग ती पुढचा भाग खायला घेते.

चीक टाळला तरी पानातलं विष उरतंच. त्यातली कार्डिनोलाइड्स पेशीच्या पटलावरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटतात. हा पंप दर फेरीत तीन सोडियम आयन बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. तो बंद पडला की चेतापेशींचं कामच थांबतं. मोनार्कच्या पंपाच्या प्रथिनात १११, ११९ आणि १२२ या क्रमांकांची अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे विषाला नीट पकड मिळत नाही. २०१९ साली शास्त्रज्ञांनी क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने हेच बदल फळमाशीत केले, तर माशीही हे विष पचवू लागली. गंमत अशी, की एकट्या १२२च्या बदलाने विषापासून संरक्षण मिळतं, पण माशीला जोरात हलवलं की ती लुळी पडते. ११९चा बदल सोबत असला की हा दोष बराच सावरला जातो. उत्क्रांतीला पायऱ्यांचा क्रमही सांभाळावा लागतो, तो असा.

दूरदेशीच्या झुडपाशी अशी ओळख कुठल्या अळीने करून घ्यायची? त्याची पानं बहुधा अखंड राहतात. माळ्याला आनंद, पिल्लांना अळ्या भरवणाऱ्या पक्ष्याची मात्र पंचाईत. वॉशिंग्टन परिसरातल्या बागांचा २०१८चा अभ्यास सांगतो, की बागेतल्या झाडोऱ्यात स्थानिक वनस्पतींचा वाटा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर तिथला कॅरोलिना चिकाडी हा छोटा पक्षी आपली संख्या टिकवू शकत नाही.

याचा अर्थ स्थानिक झाड म्हणजे औषधी, पवित्र किंवा रात्रीही ऑक्सिजन सोडणारं, असा मुळीच नाही. अंधारात ऑक्सिजन कुठलंच झाड बनवत नाही, मग ते कुठलंही असो.

अडचण एकच. रोपं विकणारे म्हणतील, हे तर किडीचं चिन्ह! म्हणून पानाच्या खाचेत अळीही काढावी. आणि पानाच्या मध्ये बारीक भोकं नकोत. चिन्ह लहान छापलं की ती बुजतात. कडेने आत गेलेली एकच ठसठशीत खाच रोपाच्या पट्टीवरही दिसेल.