डब्यातल्या भाजीच्या कॅलरी मोजायच्या का?

आमच्या मेसच्या आणि घरपोच डब्याच्या ग्राहकांसाठी

सकाळी साडेदहा ते बारा ही आमची डबे भरायची वेळ. आणि फोन नेमका तेव्हाच वाजतो, "काकू, आजच्या भाजीत कॅलरी किती?" विचारणाऱ्यांत पोलीस भरतीची पोरं आहेत, बँकेतले साहेब आहेत, शाळेतल्या मॅडम आहेत, नुकतीच शुगर निघाली म्हणून धास्तावलेले काकाही आहेत. प्रश्न काही चुकीचा नाही. पण एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात फोन धरून त्याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. फ्रिजवर चिकटवून ठेवलं तर तुमचाही वेळ वाचेल, आमचाही.

उत्तर आधी सांगून टाकतो. पालेभाजी आणि पाणीदार फळभाजी मोजत बसू नका. ती ज्या तेलात परतली, ज्या कुटात आणि बेसनात घोळली, ते मोजा. आणि ज्या भाज्या नुसत्या नावालाच भाज्या आहेत, त्या भात-पोळीच्या खात्यात धरा.

आता हिशोब. कच्च्या पालकात शंभर ग्रॅमला साधारण २५ कॅलरी असतात. पानकोबी, फुलकोबी, वांगं, कोहळं (म्हणजे लाल भोपळा) हे सगळे त्याच्याच आगेमागे. दुधी, काकडी, दोडकं त्याहूनही कमी. भेंडी तिशीच्या जराशी वर, मेथी आणि आंबाडी आणखी थोड्या वर, गाजर-बीट-कांदा चाळीसच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जो आहार सुचवला, त्यात दोन हजार कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाजी धरली आहे. आपल्यापैकी फार थोडे जण तेवढी खातात. समजा खाल्लीच, तरी पाणीदार भाज्यांच्या मिळून शंभरेक कॅलरी होतात. म्हणजे तेल न लावलेली एक पोळी.

म्हणून ज्यांना ॲपमध्ये सगळं टाकल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यांनी सकाळी उठल्या उठल्या 'भाजी – १००' अशी एकच नोंद करावी आणि तो विषय दिवसभरासाठी मिटवावा. एखाद्या दिवशी सत्तर होतील, एखाद्या दिवशी एकशेतीस. त्याने वजनाच्या काट्यावर काही फरक पडणार नाही.

फरक कशाने पडतो, ते आमच्याच कढईतून दाखवतो. पंचवीस डब्यांना आम्ही निवडून-चिरून चार किलो पानकोबी घेतो. म्हणजे डब्यामागे १६० ग्रॅम कोबी, चाळीस कॅलरी. त्या कढईत तेल पडतं २०० ग्रॅम, वजन करून. डब्यामागे आठ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी, म्हणजे बहात्तर. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम कोबीवर दीड-दोन चमचे तेल भारी पडलं! आणि हे आमचं मोजलेलं तेल. घरी बाटली तिरपी करून अंदाजाने ओततात तेव्हा माणशी वीस ग्रॅम सहज होतं, म्हणजे १८० कॅलरी. ॲपमध्ये मात्र लिहिलं जातं 'कोबी – ४०'.

इथे एक सांगून ठेवतो, कारण यावरून रोज वाद होतो. घाण्याचं फल्लीतेल (शेंगदाण्याचं) असो, सोयाबीनचं असो, सरकीचं, जवसाचं की महागड्या बाटलीतलं ऑलिव्ह, ग्रॅमला नऊच. चव वेगळी, गुण वेगळे, कॅलरी तेवढ्याच. आम्ही घाण्याचं फल्लीतेल वापरतो ते वासासाठी आणि चवीसाठी. त्याने वजन उतरतं असं आम्ही कधी म्हटलेलं नाही, कोणी आमच्या नावाने सांगत असेल तर ऐकू नका.

आता ज्या चुकीपायी आमची रोजची सकाळ जाते, ती. "काकू, उद्यापासून भाजी अर्धी द्या, कॅलरी कमी करायच्या आहेत. आणि हो, पोट भरत नाही म्हणून पोळी एक जास्त टाका." हा निरोप सहसा कणीक मळून झाल्यावर येतो. ऐन वेळेला डबे उघडा, भाजी काढा, पोळी घाला, चिठ्ठी बदला. बरं, करून मिळतं काय? वरच्या कोबीची अर्धी भाजी सोडली तर तेलासकट पंचावन्न-छप्पन कॅलरी वाचतात. वाढवलेली पोळी तीस ग्रॅम कणकेची धरली तर तिच्या शंभर, वर तेलाचा हात फिरला की एकशेवीस. म्हणजे भाजी कमी करून कॅलरी दुपटीने परत घेतल्या. ज्यांनी पोळीही वाढवली नाही, त्यांना चार वाजता भूक लागते आणि चौकातल्या टपरीवर आलुबोंडा होतो. तो कोणत्या ॲपमध्ये लिहिला जातो ते आम्हाला विचारू नका.

उलट करा. भाजी दुप्पट मागा, पोळी एक कमी सांगा. कमी तेलाच्या भाजीची जास्तीची वाटी आम्ही देतो आणि कमी झालेल्या पोळीच्या बदल्यात देतो, वेगळे पैसे लावत नाही. दोन्ही मिळून हिशोब फार काही उतरत नाही, पण पोट संध्याकाळपर्यंत भरलेलं राहतं, आणि खरी बचत तिथे होते.

दुसरी चूक वांग्याची. भरल्या वांग्याच्या दिवशी आमच्या एका जुन्या ग्राहकाने, फार शिस्तीचा मुलगा, डब्यातली चार वांगी काट्यावर ठेवली आणि नोंद केली: वांगं, १५० ग्रॅम, ३७ कॅलरी. वांग्याच्या ३७ बरोबर आहेत. पण त्या चार वांग्यांत वीस ग्रॅम दाण्याचा कूट होता, त्याच्या एकशेदहा. थोडं सुकं खोबरं, तीस. तेल पंधरा ग्रॅम, एकशे पस्तीस, कारण वांगं तेल पितं आणि त्याशिवाय मसाला आतपर्यंत उतरत नाही. बेरीज तीनशेच्या वर गेली. महिनाभर वजन हलेना म्हणून तो आमच्यावरच संशय घेऊन आला होता. भरली वांगी आम्ही पंधरवड्यातून एकदाच देतो, आणि तशीच देणार. कुटाशिवाय, तेलाशिवाय भरलं वांगं करायला आम्हाला सांगू नका. त्या दिवशी नको असेल तर आदल्या रात्री कळवा, दोडका नाहीतर मुगाची डाळ मिळेल.

काट्याबद्दलही थोडं. शिजलेली भाजी तोलून काही हाती लागत नाही. कॅलरीचे तक्ते मुख्यतः कच्च्या वजनावर असतात. पालकाची अख्खी जुडी शिजून वाटीभर होते, तिचं पाणी उडतं. रस्साभाजीत उलट पाणी वाढतं. ॲपमध्ये 'मिक्स व्हेज' नावाच्या पाच नोंदी सापडतील आणि पाचही वेगळ्या, कारण कोणाच्या तरी घरच्या नाहीतर हॉटेलच्या असतात. त्यातली सगळ्यात कमीची निवडायचा मोह सगळ्यांनाच होतो.

काटा घेतलाच आहे ना? मग भाकर तोला. चाळीस ग्रॅम पिठाचीही भाकर होते आणि शंभर ग्रॅमचीही, आणि दोन्हीला नाव भाकरच. ज्वारीच्या पिठात शंभर ग्रॅमला तीनशे तीस ते साडेतीनशे कॅलरी. म्हणजे एका भाकरीच्या अंदाजात दोनशेची चूक होऊ शकते, दिवसभराच्या भाजीच्या दुप्पट. आमची भाकर सत्तर ग्रॅम पिठाची असते आणि पोळी तीस ग्रॅम कणकेची. उंडे तोलूनच करतो. "काकूंची पोळी लहान झाली" अशी कुजबुज कानावर येते. लहान झालेली नाही, रोज सारखी झाली आहे.

तर्रीवरूनही बोलणं ऐकावं लागतं. आपल्या विदर्भाच्या माणसाला रश्श्यावर लाल तर्री दिसली नाही की भाजी आजाऱ्याची वाटते. आम्हालाही आवडते. पण तर्री म्हणजे वर आलेलं तेलच, दुसरं काही नाही. ढाब्यावरच्या पाटवडी रश्श्याची तर्री महिन्यातून एकदा खावी आणि मिटक्या मारत खावी. रोजच्या डब्यात ती दिसायला हवी असेल तर माणशी तेल दुप्पट करावं लागेल, मग आठ ग्रॅमचं गणित राहणार नाही. रंगासाठी आम्ही भिवापुरी मिरची आणि वायगावची हळद घेतो. डब्यामागे त्यांची चिमूट-दोन चिमूटच पडते, ती मोजायची नाही.

आता नावाच्या भाज्या. आलू शंभर ग्रॅमला पंचाहत्तरच्या आसपास. हिरवा वाटाणा ऐंशी. रताळं आणि अरबी शंभराच्या जवळपास. आणि हिवाळ्यातले आपले तुरीचे सोले शंभराच्या वर. सोल्यांत प्रथिनं चांगली असतात, आम्ही ते आवडीने देतो, पण ती डाळच आहे, फक्त हिरवी. सोल्याची भाजी, वर वरण, वर भात आणि 'आज तर नुसती भाजीच खाल्ली' असं म्हणणं, हे जमणार नाही. वालाच्या दाण्यांचंही तेच. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, कोवळ्या शेंगा असतील तर त्या भाजी, दाणे भरलेले असतील तर कडधान्य. उन्हाळ्यात बाजारात पालेभाजी मिळेनाशी होते, तेव्हा आमच्याकडे मुंगवड्या आणि पाटवडी जास्त असते. तीही डाळ आणि बेसनच, मोजायची. पीठ पेरून केलेली मेथी किंवा कोबीही मोजायची, मेथीसाठी नव्हे, पिठासाठी.

अशा दिवशी डब्याच्या झाकणावर आम्ही पिवळी चिठ्ठी लावतो. पिवळी चिठ्ठी दिसली की त्या दिवशी एक पोळी किंवा भाताची मूद कमी करा. चिठ्ठी नसेल तर भाजी मोकळ्या मनाने खा.

शुगरवाल्यांनी चिठ्ठीकडे इतरांपेक्षा जास्त लक्ष द्यावं आणि गोळ्या-इन्सुलिनचा विषय डॉक्टरांशीच बोलावा, आमच्याशी नको. किडनीचा त्रास असेल तर पालेभाजी भरपूर खा हा सल्ला तुमच्यासाठी नाही. डॉक्टरांनी दिलेला कागद आणून दाखवा, त्याप्रमाणे डबा लावू. भरतीच्या पोरांना मात्र वेगळं सांगायचं आहे. सोळाशे मीटर धावायचं आणि दुपारी नुसती काकडी खायची, याने वेळ कमी होत नाही, चक्कर येते. तुम्ही भाकर-वरण पोटभर खा.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी एक सोपी युक्ती, डबा लावला नाही तरी चालेल. त्याच पोषण संस्थेच्या दोन हजार कॅलरीच्या ताटात दिवसाला सुमारे २७ ग्रॅम तेल धरलं आहे, फोडणी, पोळी, तळण सगळं मिळून. चौघांच्या घरात महिन्याला साधारण साडेतीन लिटर. तुमच्याकडे महिन्याला किती पिशव्या फुटतात ते किराणा दुकानदाराच्या वहीत असतं. ती वही एकदा बघा, भाजी मोजायची गरज उरणार नाही.

डब्याचं सांगून संपवतो. नेहमीचा डबा आठ ग्रॅम तेलाच्या भाजीचा. 'कमी तेल' सांगितलं तर पाच ग्रॅमचा, दोन्हीचे पैसे सारखेच. कमी तेलाचा स्वस्त का नाही, असं विचारतात. तीन ग्रॅम तेलात वाचतात किती, आणि पाच ग्रॅमच्या डब्यात आम्ही भाजी चाळीस ग्रॅम जास्त घालतो. मेथी-पालक निवडायला दोन बायका सकाळी सहापासून बसतात, त्यांची मजुरी तेलापेक्षा महाग आहे. पूर्ण आठवड्याच्या भाज्या, भाजीमागे तेल, कूट आणि बेसन किती ग्रॅम, हे सगळं रविवारी संध्याकाळी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं. बाजारात ऐनवेळी भाजी बदलली तर तीही सकाळी नऊपर्यंत तिथेच कळवतो. ग्रुपमध्ये नसाल तर डबा पोचवणाऱ्या मुलाकडे नंबर लिहून द्या.

काही बदल हवा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत कळवा. साडेदहा ते बारा फोन उचलला जाणार नाही. आणि रिकामा डबा दुसऱ्या दिवशी नवा डबा येईल तेव्हाच परत द्या, झाकणासकट.