झोपेवरचा पहारा

रात्रीचे पावणेतीन. हात उशाशी ठेवलेल्या मोबाइलकडे जातो आणि आकडेमोड सुरू होते. सहाला उठायचंय, म्हणजे आत्ता डोळा लागला तर सव्वातीन तास मिळतील. पुन्हा पाहावं तर सव्वातीन वाजलेले. आता झोपेपेक्षा उद्याचीच धास्ती मोठी होते.

झोपायला पुरेसा वेळ असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री असं होत असेल, ३ महिने उलटले असतील आणि दिवसही त्यात खराब होत असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश. काहींचा स्वभावच त्याला पोषक असतो: सगळं बिनचूक हवं असणारे, झालेलं मनात घोळवत राहणारे, जरा ताण आला की आधी झोपच उडते असे. मग आजारपण, नोकरीची चिंता, जवळच्या माणसाचा मृत्यू असं काहीतरी निमित्त होतं. पण निमित्त सरलं तरी झोप परत येत नाही, ती का?

झोपेचे अभ्यासक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये यासाठी स्वभाव आणि निमित्त यांच्यापलीकडे कारणांचा तिसरा गट वेगळा काढला: निद्रानाश टिकवून धरणारी कारणं. मला हा गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बदल इथेच करता येतो. राहिलेली झोप भरून काढायला माणूस लवकर आडवा होतो, दुपारी डुलकी काढतो. त्यामुळे रात्रीची झोपेची भूक मरते. तासन्‌तास तळमळून अंथरूण आणि जागेपण यांची सांगड पक्की होते. बैठकीत पेंगणारा माणूस गादीला पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळेच.

त्यात मन झोपेवर पहारा देत बसतं. डोळे जड झाले का? छाती का धडधडतेय? झोप ही मुळात आपसूक होणारी गोष्ट. ती आणायचा जितका आटापिटा करावा, तितका मेंदू सावध होतो. शिवाय जागेपणाचे क्षण लक्षात राहतात, झोपेचे राहत नाहीत. म्हणून ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही’ असं मनापासून सांगणाऱ्यालाही बऱ्याचदा वाटते त्याहून जास्त झोप मिळालेली असते. त्याचा त्रास मात्र खराच असतो, त्याला खोटं पाडू नये.

म्हणूनच २०१६ मध्ये ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने प्रौढांसाठी गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचवली. तिच्यातल्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. घड्याळ नजरेआड ठेवायचं. झोप येत नसेल तर उठून मंद उजेडात बसायचं, पेंग आली की परत अंथरुणावर यायचं. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. पहिले काही दिवस याने थकवा वाढतो. त्यामुळे ही पद्धत जाणकाराच्या देखरेखीखाली सुरू केलेली बरी.