मधमाशीचं पोळं आणि गांधीलमाशीचं पोळं: विमानातलं पॅनेल कुणाच्या वळणावर गेलं?

विमानाच्या फरशीच्या पॅनेलमध्ये दोन पातळ पत्र्यांच्या मधे भरलेल्या 'हनीकोंब' (पोळ्यासारख्या पोकळ घरांच्या) गाभ्याचं श्रेय सरसकट मधमाशीला दिलं जातं. आकारापुरतं ते ठीक आहे. बाकी बराचसा मामला गांधीलमाशीचा आहे.

षटकोनी घरं दोघीही बांधतात, पण पोळं जवळून पाहिलं की गोंधळ उरत नाही. मधमाशीचं पोळं उभं लटकतं. घरं दोन्ही बाजूंना, तोंडाकडे किंचित चढती. प्रत्येक घराचा तळ तीन समभुज चौकोनांचा असतो, त्यामुळे मागची-पुढची घरं एकमेकांत खाचून बसतात. भिंत जेमतेम 0.07 मिमी. (तळ अगदी आदर्श मात्र नाही: याहून जरा कमी मेण लागेल असा तळ हंगेरियन गणितज्ञ फेयेश टोथ यांनी 1964 मध्ये गणिताने दाखवला.) मेण कामकरी माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून येतं आणि 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळतं.

गांधीलमाशी वाळलेलं लाकूड खरवडते, तो भुगा लाळेत मळते आणि पट्टीपट्टीने थापत जाते. वाळला की तो कागदच. तिचं पोळं बहुधा आडवं, देठावर टांगलेलं. घरं एकाच बाजूला, तोंड खाली. आत मध नाही, अळ्या. लाकडापासून कागद करता येईल हे फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूरने 1719 मध्ये सुचवलं, ते याच माशीकडे बोट दाखवून.

आता पॅनेल. अरामिड या मजबूत कृत्रिम तंतूच्या कागदावर ठरावीक अंतराने गोंदाच्या रेघा ओढतात, पुढच्या कागदावर त्या अर्ध्या अंतराने सरकवतात. थप्पी दाबून चिकटवली आणि ताणली की षटकोन उघडतात. मग फिनॉलिक रेझिनमध्ये, म्हणजे तापवल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बुडवून कडक करतात. तंतू आणि त्यांना बांधणारा चिकट द्रव, ही कृती गांधीलमाशीचीच.

मात्र या रीतीत प्रत्येक घराच्या सहांपैकी दोन भिंती दुहेरी होतात. म्हणून गाभा कागदाच्या पट्टीच्या दिशेने जास्त ताठ, आडव्या दिशेने कमी. तुकडा फिरवून बसवला तर दिसायला फरक नाही, पण कातरबळाखाली (थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या जोराखाली) तो लवकर हार मानतो.

दुसरं दुखणं पाण्याचं. कडा नीट बंद नसतील तर पाणी घरांत शिरतं, उंचीवर गोठून फुगतं आणि वरचा पत्रा गाभ्यापासून सुटतो. तपासायला छोट्या हातोडीने टकटक करतात: धड जागी खणखणीत आवाज, सुटलेल्या जागी बद्द.