चकमकी रायफल : नेमजुळणी

चकमकी रायफल ही तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची आटेदार (आतून पीळदार चरी असलेल्या) नळीची बंदूक असून तिचा बार, म्हणजे नळीत ठासलेली दारू, गार या चकमकीच्या दगडाने पाडलेल्या ठिणगीने पेटतो. एखाद्या कारागिराकडून मापे देऊन अशी रायफल घडवून घेतल्यावर, नेम धरलेल्या जागीच गोळी लागावी यासाठी दारू, गोळी, गोळीभोवतीची चिंधी, माशी (नळीच्या तोंडाजवळचा नेमाचा उंचवटा) आणि खाच (डोळ्याजवळची नेमाची खोबण) यांचा मेळ घालण्याच्या कामाला नेमजुळणी म्हणता येईल. आधुनिक रायफलीवर हे काम स्क्रू फिरवून होते आणि चुकले तर उलटे फिरवता येते. येथे मात्र माशी कानशीने घासावी लागते, आणि घासलेला धातू परत येत नाही. म्हणून या कामात सर्वाधिक महत्त्व क्रमाला आहे. आधी बार ठरवायचा, मग हात स्थिर करायचा, आणि कानस सर्वांत शेवटी उचलायची.

चकमकी कळीचे, म्हणजे ठिणगी पाडून बार पेटवणाऱ्या यंत्रणेचे, पक्के रूप सतराव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समध्ये सिद्ध झाले आणि त्याचे श्रेय सामान्यतः लिझ्यू येथील कारागीर मारँ ल बूर्झ्वा याला दिले जाते. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन बंदूक-कारागिरांनी लांब, सडपातळ नळीची रायफल घडवली. आज हौसेने घडवून घेतल्या जाणाऱ्या बहुतेक चकमकी रायफली तिच्याच वळणाच्या असतात. 1800 मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेली बेकर रायफलही चकमकीचीच होती, आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ती पोर्तुगालच्या ‘कासादोर’ या हलक्या पायदळाच्या पलटणींतील काही सैनिकांच्या हाती होती.

गोव्याचा बंदुकीशी संबंध याहून जुना आहे, मात्र तो चकमकीचा नसून तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, बंदुकीचा आहे. 1510 मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतल्यावर अफोंसो द अल्बुकर्क याला येथील बंदूक घडवणाऱ्यांचे कसब आढळले, आणि 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्याने त्यांची तुलना बोहेमियातील नामांकित कारागिरांशी केली. 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या तोडेदार बंदुका याच इंडो-पोर्तुगीज घडणीच्या होत्या, असे काही अभ्यासक मानतात. जुन्या गोव्याजवळ पणेली येथे पोर्तुगिजांचा दारूचा कारखाना होता. त्याचे दगडी प्रवेशद्वार अजून उभे आहे. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांत शेती-बागायतीच्या राखणीसाठी लोकांना ठाऊक असलेली ठासणीची बंदूक सहसा गुळगुळीत नळीची आणि केपाची (ठोक्याने पेटणाऱ्या छोट्या टोपीची) असते. गज (ठासायची सळई), बार, रंजक (पेट घेणारी बारीक दारू), ठासणे हे तिचे शब्द चकमकी रायफलीलाही चपखल लागतात, पण छर्ऱ्यांच्या बंदुकीला नेमजुळणीची जी गरज भासत नाही, ती एकच गोळी फेकणाऱ्या आटेदार नळीला पदोपदी भासते.

घडवून घेतलेल्या रायफलीत दस्त्याची लांबी, गालाला टेकणाऱ्या भागाची उंची आणि दस्त्याचा बाजूला दिलेला किंचित कल ही मापे मालकाच्या अंगाप्रमाणे घेतलेली असतात. गाल टेकताच डोळा आपोआप खाचेच्या रेषेत यावा, हा त्यामागचा हेतू; मान वाकवून किंवा ताणून नेम धरावा लागत असेल तर पुढची सगळी जुळणी वाया जाते. जाणता कारागीर माशी मुद्दाम उंच ठेवतो. उंच माशीमुळे गोळ्या प्रथम खाली लागतात, आणि मालकाला ती घासत घासत गोळी वर आणता येते. नव्या रायफलीची गोळी खाली लागते ही तक्रार नसून सोय आहे, हे पहिल्यांदाच अशी रायफल हाती घेणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवे.

जुळणीची सुरुवात कळीपासून होते. घोडा, म्हणजे चाप दाबताच पुढे आपटणारा कळीचा भाग, त्याच्या जबड्यात गार चामड्याच्या तुकड्यात लपेटून घट्ट आवळतात. तिची धार रंजकाच्या वाटीवरच्या पोलादी पात्याला संपूर्ण रुंदीभर एकाच वेळी भिडली पाहिजे. एक कोपरा आधी लागला तर ठिणग्या थोड्या पडतात आणि पाते एका जागी झिजते. या ठिणग्या दगडाच्या नसतात, तर गारेने खरवडून काढलेल्या आणि घर्षणाने पेटलेल्या पोलादाच्या कणांच्या असतात, म्हणून गार कितीही चांगली असली तरी मऊ पात्यावर ती निरुपयोगी ठरते. इंग्लंडमधील ब्रँडनची काळी गार आणि फ्रान्सची मधाळ रंगाची गार यांना नेमबाज पसंती देतात. दख्खनच्या बेसॉल्ट खडकात सापडणाऱ्या अकिकानेही ठिणगी पडते. रंजकाची वाटी काठोकाठ भरणे ही नवख्याची हमखास चूक आहे. रंजकाने काना, म्हणजे वाटीतून नळीत जाणारे बारीक भोक, बुजला की आग वातीसारखी रांगत आत जाते आणि बार उशिरा उडतो. तिसरा हिस्सा ते अर्धी वाटी बारीक रंजक पुरते, आणि नळी ठासून झाल्यावर कान्यात बारीक तार फिरवून वाट मोकळी केली की आतल्या दारूला ज्वाळेची झळ थेट बसते.

बार ठरवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उदाहरणार्थ, 0.50 इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीला 0.490 इंची शिशाची गोल गोळी घेतात. तिचे वजन सुमारे 11.5 ग्रॅम भरते. गोळी आणि आटे यांमधली फट सुमारे 0.4 मिलिमीटर जाडीची, तेल-मेण लावलेली सुती चिंधी भरून काढते आणि आट्यांची फिरकी गोळीला देते. काळी दारू मापट्याने आकारमानावर मोजतात. सुमारे 60 ग्रेनपासून (जवळपास 4 ग्रॅम) सुरुवात करून, कारागिराने घालून दिलेल्या मर्यादेत राहून, थोडी थोडी वाढवत पाच-पाच गोळ्यांचे गट कागदावर पाहतात. या काळ्या दारूच्या जागी आधुनिक निर्धूर दारू कधीही भरू नये, नळी फुटते. गट घट्ट होईपर्यंत तो कागदावर कुठे पडतो याकडे लक्ष देऊ नये.

या टप्प्यावर जमिनीवर पडलेल्या चिंध्या उचलून पाहण्याइतका उपयोगी धडा दुसरा नाही. उडालेली चिंधी तोंडापासून काही मीटरांवर सापडते. तिचे मधले वर्तुळ काळवंडलेले, भोवती आट्यांचे ठसे आणि कडा उसवलेल्या पण कापड शाबूत असेल, तर मेळ बरोबर आहे. मध्ये जळून भोक पडले असेल तर कापड पातळ आहे किंवा वंगण कमी आहे. गोळीच्या कडेशी कापड सरळ चिरलेले दिसले, तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण राहिली आहे. अशा वेळी दारू बदलत बसण्याऐवजी तोंड गुळगुळीत करून घ्यावे.

चाप दाबल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंतचा वेळ चकमकी रायफलीत काडतुसाच्या रायफलीहून जास्त असतो, आणि त्यातच डोळ्यासमोर रंजकाचा भपका उठतो. भपक्याला दचकून मान उचलली की गोळी भरकटते. म्हणून बार उडाल्यानंतरही क्षणभर माशी निशाणावरच ठेवण्याची सवय लावावी लागते. रिकाम्या नळीने, वाटीत रंजक न घालता केलेला सराव यासाठी उत्तम. रंजक पेटूनही बार उडाला नाही, तर नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवून किमान मिनिटभर थांबावे. कान्यातून आग बाजूला फेकली जाते, तेव्हा कळीच्या बाजूला कोणी उभे राहू नये, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत ती कधीही ओतू नये, कारण आत राहिलेला निखारा शिंगापर्यंत पोहोचू शकतो.

गट जमला की टेकूवरून 25 मीटरवर आणि मग 50 मीटरवर नेम पाहतात. टेकू दस्त्याच्या लाकडाखाली आणि दर वेळी एकाच जागी असावा. नळी कठीण टेकूवर ठेवली तर गोळीची जागा बदलते. आडवी दुरुस्ती करताना गोळी ज्या बाजूला चुकते त्या बाजूला माशी सरकवावी आणि खाच त्याच्या उलट बाजूला: गोळ्या डावीकडे जात असतील तर माशी डावीकडे किंवा खाच उजवीकडे. दोन्ही नळीच्या आडव्या चरीत घट्ट बसवलेल्या असतात आणि पितळी सळईवर हलके ठोके देऊन सरकतात. गोळ्या खाली लागत असतील तर माशी घासावी, वर लागत असतील तर खाच खोल करावी किंवा उंच माशी बसवावी. किती घासायचे ते हिशेबाने काढता येते. माशी आणि खाच यांमध्ये 80 सेंटीमीटर अंतर असेल आणि 50 मीटरवर गट 10 सेंटीमीटर खाली पडत असेल, तर माशी 1.6 मिलिमीटर कमी व्हायला हवी. प्रत्यक्षात मात्र निम्मेच घासून पुन्हा पाच गोळ्या उडवून पाहाव्यात, आणि शेवटचा अंश कानशीच्या एकेका ओढीने काढावा. 50 मीटरवर जुळवलेली अशी गोल गोळी 100 मीटरवर साधारण 15 सेंटीमीटर किंवा त्याहून थोडी अधिक खाली उतरते. त्यासाठी दुसरी खाच कोरण्यापेक्षा नेम थोडा वर धरणे बरे.

गोव्याच्या हवेत दोन गोष्टींची जास्त काळजी घ्यावी लागते. पहिली, ओल. काळ्या दारूच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हवेतले पाणी ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात किंवा समुद्रकाठच्या दमट सकाळी वाटीतला ओलावा पुढच्या रंजकात उतरतो आणि ते चिकटून फसते. दर बारानंतर वाटी, पाते आणि गारेची धार कोरड्या फडक्याने पुसावी, आणि नळीत दमट चिंधीमागून कोरडी चिंधी फिरवावी. ही पुसणी जुळणीचाच भाग आहे: दर बाराला पुसून जुळवलेली रायफल न पुसता चालवली तर गट सरकतो. दुसरी गोष्ट, ऊन. पितळी किंवा चांदीच्या माशीवर एका बाजूने तळपते ऊन पडले की डोळा उजळलेल्या कडेलाच मध्य समजतो आणि गोळी उलट बाजूला जाते. माशीला काजळी धरून हे टळते.

भारतात ठासणीच्या बंदुकीलाही शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवाना लागतो, काळी दारू स्फोटक पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि वन्य प्राण्यांची शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 ने बंद आहे. त्यामुळे नेमजुळणी परवानाधारकाने मान्य नेमबाजी-मैदानावरच करावी.

काम संपताच, त्याच दिवशी, नळी गरम किंवा साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे. खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो. पुढच्या वेळी भरण्याआधी हे तेल पूर्ण पुसून काढावे आणि रिकाम्या नळीत गज घालून, त्यावरच्या खुणेने आत जुना बार राहिला नसल्याची खात्री करावी. तेल राहिलेल्या नळीतून पहिली गोळी सहसा गटाबाहेर जाते, म्हणून माशीचा निर्णय त्या पहिल्या गोळीवरून घेऊ नये.