प्रवेशाआधीची धडधड

दिवाळी झाली, धान कापून झाला की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी फिरू लागतात. मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलंच. या भागाला झाडीपट्टी म्हणतात. इथला मुरलेला नटही, प्रवेशाआधी काय वाटतं असं विचारल्यावर सांगतो, ‘भेव नाही वाटत गा, पण पोटात गोळा येतेच.’ तळहात गार पडतात, छाती धडधडते. यावर गावात दोनच उत्तरं मिळतात. एक, ‘मनाचे खेळ’. दुसरं, ‘नजर लागली, लिंबू उतरवा’. नजरबिजर काही नसते. आणि नुसतं मन म्हटलं की शरीरात जे खरोखर घडतं ते विचारायचंच राहून जातं.

घाबरलो म्हणून छाती धडधडते, असं आपण धरून चालतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली हा क्रमच उलटा मांडला. शरीरात आधी बदल होतो आणि त्या बदलाची जाणीव हीच भावना, असं त्यांचं म्हणणं. पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी रास्त आक्षेप घेतला की राग आणि भीती या दोन्हींत शरीर जवळपास सारखंच वागतं, मग फरक कळतो कसा? त्यामुळे जेम्स यांचं म्हणणं आज कोणी जसंच्या तसं घेत नाही. पण भावनेत शरीराकडून मेंदूला जाणाऱ्या खबरीचा वाटा असतो, याचे पुरावे भक्कम आहेत.

ही खबर जाते कशी, तो भाग मला सगळ्यात विलक्षण वाटतो. हृदय आकुंचन पावलं की रक्ताची लाट महाधमनीत शिरते आणि धमनीची भिंत ताणली जाते. महाधमनीच्या कमानीत आणि मानेतल्या धमनीच्या फाट्याशी हा ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ताण आला की ती संदेश सोडतात, ओसरला की बरीचशी शांत होतात. म्हणजे प्रत्येक ठोक्याची पोच मेंदूला मिळते. कमानीतले संदेश व्हेगस नावाच्या नसेतून वर जातात. ही नस मेंदूचे हुकूम खाली पोचवते हे खरं, पण तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडेच जाणारे आहेत. मेंदूच्या तळाशी असलेलं मस्तिष्कपुच्छ, मग मेंदूच्या मधोमध असलेला थॅलॅमस, मग कानशिलाच्या आत घडीत दडलेला मेंदूचा इन्सुला हा भाग, असा या संदेशांचा प्रवास. ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या प्रयोगात, नाडीला हात न लावता स्वतःचे ठोके ज्यांना नेमके ओळखता आले, त्यांचा उजवा इन्सुला पुढच्या भागात जास्त सक्रिय दिसला. सारा गारफिंकल यांच्या २०१४ च्या प्रयोगात घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं क्षणभर दाखवली. हृदय आकुंचन पावताना दाखवलेले चेहरे लोकांना जास्त भेदरलेले वाटले, तेच शिथिल होताना कमी. डोळे तेच, चित्रंही तशीच, फरक फक्त ठोक्याच्या वेळेचा!

आता विंगेतल्या नटीकडे या. प्रॉम्प्टर वही उघडून बसलाय, ऑर्गनवाल्याने सूर धरलाय, ती पदर खोचून तळहात एकमेकांवर घासते आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींनी ॲड्रेनालिन सोडलंय, पोटाकडचं आणि हाताच्या कातडीतलं रक्त स्नायूंकडे वळलंय. गार तळहात त्याचेच, पोटातल्या गोळ्यातही त्याचा हात. उत्साहातही शरीर असंच पेटतं. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली दाखवलं की गाण्याआधी ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणणारे, ‘मी घाबरलोय’ म्हणणाऱ्यांपेक्षा बरं गायले.

प्रेक्षकांतही तेच. पौषातल्या थंडीने अंगावर काटा येतो आणि चढत्या आलापानेही येतो. केसाच्या मुळाशी असलेला स्नायू दोन्ही वेळी एकच. भरताच्या नाट्यशास्त्रात स्वेद, रोमांच, अश्रू असे आठ सात्त्विक भाव आहेत. निरीक्षण अचूक आहे, पण म्हणून त्यात मेंदूविज्ञान होतं असं म्हणू नये. तसंच मोबाइलवर ‘व्हेगस जागवा, सगळे रोग पळवा’ सांगणाऱ्यांचं. छातीत कळ येऊन घाम फुटला तर व्हिडिओ बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

व्हेगसचा एक परिणाम मात्र घरबसल्या तपासता येतो. मनगटावर दोन बोटं ठेवून सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना संथ. तरुणांत हा फरक जास्त जाणवतो, वयानुसार कमी होत जातो.