मत्स्यालय, घरगुती (गोड्या पाण्याचे) : बिघाड व उपाय – बेळगाव सीमाभाग

घरातील काचेच्या टाकीत गोड्या पाण्याचे मासे व पाणवनस्पती ठेवताना होणारी मर, आजार आणि वाढीतील दोष, त्यांची कारणे व त्यांवरील उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. टाकीची मांडणी, माशांच्या जाती व रोजचे खाणे यांची माहिती गृहीत धरली आहे. पाण्याची उदाहरणे खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी व गोकाक या भागांतील आहेत. मापे ‘दोन फुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या २४ × १२ × १२ इंची टाकीला धरून दिली आहेत. ही टाकी काठोकाठ भरली तर ५६ लि. पाणी मावते, पण खडी, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ४५ ते ४८ लि. उरते. औषधाची मात्रा याच दुसऱ्या आकड्यावर काढावी. काठोकाठच्या मापावर काढल्यास ती सुमारे पाचव्या हिश्श्याने जास्त पडते, आणि बरीचशी ‘औषधाने मेलेली’ मासळी या फरकातच जाते.

झाडे असली की पाणी बदलावे लागत नाही, ही समजूत जुनी आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवून ‘समतोल’ टाकीची कल्पना मांडली. समजुतीचे मूळ बहुधा तिथेच असावे. त्या मांडणीत प्राणवायूचा हिशेब बरोबर होता. माशांतून व उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचा हिशेब मात्र पुढे, नायट्रीकरण करणारे (अमोनियाचे नायट्राइट व नायट्रेट करणारे) जीवाणू ओळखले गेल्यावरच लागला.

पाणी : या भागातील निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ माशात किंवा झाडात नसून नळात, आडात किंवा बोअरमध्ये असते. जिल्ह्याच्या पश्चिमेला, खानापूरच्या जांभ्याच्या पट्ट्यात पाऊस भरपूर. तिथल्या आडांचे व झऱ्यांचे पाणी मऊ असते. निपाणी-चिकोडीकडे काळी माती व खाली बेसाल्ट असल्याने बोअरचे पाणी जड लागते. गोकाक-रामदुर्गाकडे कलादगी खडकमालेतील चुनखडकाचे पट्टे आहेत, तिथे ते आणखी जड होते. बेळगाव शहराला राकसकोप व हिडकल या जलाशयांचे पाणी येते. ते मध्यम असले, तरी उन्हाळ्यात अनेक घरांत त्यात बोअरचे पाणी मिसळते आणि टाकीतले पाणी महिन्यागणिक बदलत जाते. एकाच दुकानातून नेलेला एंजल किंवा टेट्रा खानापुरात फुलतो व निपाणीत कोमेजतो, गप्पी-मॉलीचे नेमके उलटे होते, त्याचे कारण हेच.

जडपणा आणि क्षारीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सामू (पीएच) धरून ठेवते ती क्षारीयता. तपासणीच्या पट्टीवर ती ‘केएच’ म्हणून दिसते आणि तिचा एक अंश म्हणजे १७.९ मि.ग्रॅ./लि. कॅल्शियम कार्बोनेट. मऊ पाण्यात ती मुळातच कमी असते, त्यात नायट्रीकरण तिला खात राहते : अमोनियातील १ मि.ग्रॅ. नायट्रोजनामागे सुमारे ७ मि.ग्रॅ. क्षारीयता संपते. त्यामुळे खानापूरकडील जुन्या, कमी पाणी बदललेल्या टाकीत सामू हळूहळू ६ च्या खाली उतरतो, जीवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. आम्ल पाण्यात तो निरुपद्रवी अशा अमोनियम रूपात असल्याने मासे तग धरतात. पाहुणे येणार म्हणून एक दिवस अर्धी टाकी उपसून ताजे पाणी भरले जाते. सामू ८ कडे चढतो आणि रात्रीतून मासे उलटे तरंगू लागतात. दोष ‘नव्या पाण्या’ला दिला जातो. २५° से. तापमानाला एकूण अमोनियापैकी विषारी अंश सामू ६ ला शेकडा ०.०६, ७ ला ०.५७ व ८ ला सुमारे ५.४ असतो, म्हणजे ६ वरून ८ वर जाताना विषारी अंश नव्वदपटींहून अधिक वाढतो. अशा टाकीत रोज दहावा हिस्सा, म्हणजे साडेचार-पावणेपाच लि. पाणीच बदलावे. क्षारीयता एक अंशाने वाढवण्यास १०० लि. पाण्याला ३ ग्रॅ. खाण्याचा सोडा लागतो, तेव्हा दोन फुटी टाकीला १.४ ग्रॅ. पुरे, दिवसाला एका अंशापेक्षा जास्त चढवू नये. फिल्टरमध्ये शिंपल्यांच्या चुऱ्याची पुरचुंडी ठेवली तर हे काम सावकाश व आपोआप होते.

बोअरच्या पाण्याची खोड वेगळी. जमिनीखाली त्यात कार्बन डाय-ऑक्साइड विरलेला असतो, म्हणून ताज्या पाण्याचा सामू ७ दाखवतो व हवा लागल्यावर ८ च्या पुढे जातो. सामू मोजायचा तो बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून २४ तासांनी. हेच पाणी थेट टाकीत सोडल्यास जास्तीचे विरलेले वायू माशांच्या परांत व डोळ्यांत बारीक बुडबुडे धरतात. त्याला बुरशी समजून औषध टाकले जाते. जडपणा कमी करण्यास पावसाचे पाणी उत्तम, पण पहिले दोन-तीन पाऊस सोडून धरलेले आणि कौलांवरून आलेले. नव्या पत्र्यावरच्या पन्हळीचे पाणी नको : मऊ पाण्यात जस्त उतरते आणि ते माशांना विष आहे. आरओ यंत्राचे पाणी नुसते वापरू नये, बोअरच्या पाण्यात निम्मे मिसळावे. नव्या बांधलेल्या सिमेंटच्या संपमधून (जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीतून) काही आठवडे चुना सुटत असतो, तेव्हा त्या पाण्याचा सामू ९ पर्यंतही जातो.

खडीही तपासून घ्यावी. काळ्या मातीतून वाहणाऱ्या ओढ्यांच्या वाळूत चुनखडीचे पांढरट खडे असतात. मूठभर वाळूवर लिंबू पिळल्यास किंवा व्हिनेगर टाकल्यास फेस आला, तर ती वाळू मऊ पाण्याच्या माशांच्या उपयोगाची नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन पावसाळ्यात वाढवलेले असते. उघड्या बादलीत, हवा सोडून, एक दिवस ठेवल्याने ते उडते. घाई असल्यास हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरावा : १ मि.ग्रॅ. क्लोरिनामागे साधारण ७ मि.ग्रॅ., म्हणजे २ मि.ग्रॅ./लि. क्लोरीन धरल्यास १० लि. बादलीला ०.१४ ग्रॅ., जेमतेम दोन-तीन बारीक खडे. मूठभर टाकण्याची चाल आहे, तिची गरज नाही.

नायट्रीकरण आणि नवी टाकी : माशांच्या कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया सुटतो; जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बऱ्याच प्रमाणात सुसह्य. हे जीवाणू कोणते, यावर मतभेद राहिले आहेत. सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास नायट्रीकारक जीवाणू वेगळे केले, आणि नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो हे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत चालत आले. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पिरासदृश जीवाणू करतात असे दाखवले. २०११ मध्ये मत्स्यालयांच्या फिल्टरांत अमोनिया खाणारे आर्किया (जीवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) मोठ्या संख्येने आढळले, आणि २०१५ मध्ये अमोनियापासून नायट्रेटपर्यंत सगळी वाट एकट्याने चालणारा नायट्रोस्पिरा प्रसिद्ध झाला. त्याचा एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधलाच होता. नायट्रोबॅक्टर अगदीच गैरलागू म्हणता येत नाही, नायट्राइट जास्त असलेल्या पाण्यात तो वाढतो. पण स्थिरावलेल्या घरगुती टाकीबाबत नायट्रोस्पिराचा पक्षच सबळ दिसतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की बाटलीवर कोणते नाव छापले आहे यापेक्षा एखाद्या निरोगी जुन्या टाकीचा स्पंज नव्या टाकीत पिळणे अधिक भरवशाचे.

टाकी पिकायला, म्हणजे हे जीवाणू पुरेसे वाढायला, तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत अधिक. नायट्राइट वाढल्याची खूण म्हणजे मासे पृष्ठभागाशी धापा टाकतात आणि कल्ले लालऐवजी तपकिरी दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते. पाणी बदलावे व लिटरला अर्धा ते एक ग्रॅ. खडेमीठ द्यावे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा.

बाहेरगावाहून पिशवीत आलेल्या माशांबाबत एक चूक सर्रास होते. बंद पिशवीत कार्बन डाय-ऑक्साइड साचून सामू उतरलेला असतो, त्यामुळे साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून तासभर थेंबथेंब पाणी सोडत बसले, की वायू उडतो, सामू चढतो आणि मासा आपल्याच अमोनियात भाजतो. पिशवी बंद ठेवून १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी, मग उघडून मासा लगेच जाळीने उचलावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

तापमान, वीज व विषे : बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मी. उंचीवर आहे. समुद्रकाठी २५° ला पाण्यात जो ८.२ मि.ग्रॅ./लि. प्राणवायू मावतो, तो इथे साडेसातवर येतो. जितके मासे कारवारात चालतात तितके इथे धापा टाकतात. हिवाळ्यात दिवसरात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो, म्हणून लिटरला एक वॅट या हिशेबाने ५० वॅटचा हिटर लागतो. वीज गेल्यावर हिटरपेक्षा हवा महत्त्वाची. बॅटरीवरचा एअर पंप ठेवावा. पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा किंवा नळीत उलटझडप बसवावी, नाहीतर वीज जाताच पाणी नळीतून पंपात उतरते. बंद डब्याचा फिल्टर चार-पाच तास थांबला असेल तर सुरू करण्यापूर्वी आतले पाणी फेकून द्यावे. जीवाणू गुदमरून ते पाणी सडलेले असते.

गल्लीत डासांसाठी धूरफवारणी झाल्यावर मासे तडफडून मरण्याचे प्रकार होतात. पायरेथ्रॉइड कीटकनाशके माशांना अतिशय विषारी असतात आणि एअर पंप ती खोलीतून शोषून थेट पाण्यात सोडतो. धूर येण्याआधी पंप बंद करून टाकीवर ओले फडके घालावे, अर्ध्या-पाऊण तासाने खिडक्या उघडून पुन्हा लावावा. निपाणी भागात तंबाखू हाताळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय, आणि साबण पुरता निघाल्याशिवाय, पाण्यात घालू नये. निकोटीन पाण्यात विरते.

माशांचे आजार : सर्वांत सामान्य म्हणजे पांढरे ठिपके. इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या एकपेशीय परजीवीचे वर्णन फूके यांनी १८७६ मध्ये केले. मूळ आशियातले असून कार्प माशांबरोबर तो पसरला असावा असे काही अभ्यासक मानतात. अंगावर रवा शिंपडल्यासारखे दाणे दिसतात, मासा खडीवर अंग घासतो. दाणा असतो तो कातडीखाली, तिथे औषध पोचत नाही. पिकून तो गळतो, तळाशी फुटून शेकडो पोहणारी पिले सोडतो. औषध लागू पडते ते फक्त या पिलांना. २५° ला हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंडीत काही आठवडे रेंगाळते. म्हणून ठिपके दिसेनासे होताच उपचार थांबवला की आजार परततो. तापमान दिवसाला दोन अंशांनी चढवत ३०° पर्यंत न्यावे, हवा वाढवावी, लिटरला २ ग्रॅ. खडेमीठ तीन भागांत विभागून द्यावे आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवावे. इतके मीठ व्हॅलिस्नेरियासारख्या झाडांना सोसेलच असे नाही. हा परजीवी ‘प्रत्येक टाकीत सुप्त असतोच’ असे छंदिष्टांत म्हटले जाते. परजीवीची पोहणारी पिले यजमानाशिवाय दोन-तीन दिवसांहून फारशी जगत नाहीत, तेव्हा कल्ल्यांत दडलेला सौम्य संसर्ग हेच स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवणे हा त्यावरचा खरा उपाय.

अंगावर सोनेरी धुळीसारखा थर असेल तर तो पिसिनोऊडिनियम हा एकपेशीय परजीवी. अंधार व तांबेयुक्त औषध, पण गोगलगायी व कोळंबी आधी काढून. तोंडाशी कापूस दिसतो ती बहुधा बुरशी नसून फ्लेव्होबॅक्टेरियम जीवाणू असतात. उबेत ते बळावतात, म्हणून इथे तापमान चढवणे घातक ठरते. पर कुजणे हे बहुतेकदा घाण पाण्याचे लक्षण. खवले कणसासारखे उभे राहिलेला जलोदराचा मासा क्वचितच वाचतो. मिथिलीन ब्लू २ ते ३ मि.ग्रॅ./लि. वेगळ्या भांड्यात वापरावे. मुख्य टाकीत ते नायट्रीकारक जीवाणूंनाही मारते.

वनस्पती : आधी पान कोणते बिघडले ते पाहावे. जुनी पाने पिवळी पडत असतील तर नायट्रोजन, जुन्या पानांना टाचणीची भोके व कडा करपलेल्या असतील तर पालाश, आणि नवे पान फिके पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. निपाणी-चिकोडीच्या जड पाण्यात लोह टाकूनही झाड फिकेच राहते, कारण ईडीटीए (लोहाला धरून विरघळलेले ठेवणारे रसायन) या रूपातील लोह सामू ७ च्या वर टिकत नाही. डीटीपीए या तशाच दुसऱ्या रसायनाचे रूप साधारण ७.५ पर्यंत चालते. मऊ पाण्यासाठी शेतीच्या दुकानातील १२ टक्के लोहाचे ईडीटीए पुरते : ४ ग्रॅ. अर्ध्या लि. पाण्यात विरघळवून त्यातले ५ मि.लि. टाकीत दिले की ०.१ मि.ग्रॅ./लि. लोह मिळते. ‘मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्य’ घेऊ नये, त्यात तांबे व जस्त असते. पालाशासाठी ऊसवाले वापरतात तेच ०:०:५० खत १.१ ग्रॅ. दिल्यास सुमारे १० मि.ग्रॅ./लि. होते. खानापूरकडील तांबडी जांभी माती दोन सें.मी. व वर तीन सें.मी. धुतलेली वाळू हा लोहाचा स्वस्त साठा. मात्र शेणखताची माती नको.

क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीची पाने लावल्यावर आठवड्यात विरघळून जातात. कारण म्हणून प्रकाश, तापमान, नायट्रेट असे बरेच सुचवले गेले आहे. समान धागा अचानक बदलाचा दिसतो. गड्डा उपटू नये, महिन्याभरात नवी पाने येतात. बाटलीतील ‘द्रव कार्बन’ म्हणजे ग्लुटारल्डिहाइड. त्याने शैवाळ मरते, पण व्हॅलिस्नेरियाही विरघळतो. तळ्यातून आणलेली झाडे १० मि.ग्रॅ./लि. पोटॅशियम परमँगनेटमध्ये १० मिनिटे बुडवावीत. चतुरांच्या अळ्या त्यातूनही निसटतात व पिलांवर ताव मारतात, तेव्हा हाताने पाने उलटून पाहावीत.

शैवाळ : नव्या टाकीतील तपकिरी थर डायटमचा असतो व आपोआप जातो. पाणी हिरवे झाल्यास तीन-चार दिवस पूर्ण अंधार करावा. निळसर, वास मारणारी साय ही सायनोबॅक्टेरियाची. ती ओढून काढावी आणि तळाशी पाण्याचा प्रवाह वाढवावा. काळी दाढी हे लाल शैवाळ असून मद्यार्कात बुडवल्यावर ते लालसर होते. फिल्टर बंद करून ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेट त्यावर सोडावे, टाकीला एकूण १२ मि.लि.च्या आत. पाच मिनिटांनी फिल्टर सुरू करावा. दोन-तीन दिवसांत दाढी गुलाबी होऊन पांढरी पडते आणि मग बऱ्याच टाक्यांत मॉली ती खातात.