शेंगापोळीच्या चवीची गार कॉफी : एका पेल्याची पार्श्वभूमी

मराठी घरातली कॉफी मुळातच अर्धं पक्वान्न होती. पाणी नावापुरतं, दूध भरपूर, साखर सढळ हाताने, आणि पातेलं उतरवायच्या आधी त्यात किसलेलं जायफळ. चहा रोजचा. कॉफी मात्र उपासाला, रात्रीच्या भजनाला, परगावाहून उशिरा पोचलेल्या पाहुण्याला. सोलापुरात आमच्या आजीच्या कॉफीत जायफळासोबत वेलदोडाही असे, आणि दूध आटत आलेलं असे. बासुंदीच्या वाटेवर निघालेलं दूध मध्येच थांबवून त्यात कॉफी घातली आहे, असं तिच्या पेल्याकडे बघून वाटायचं.

हे आधी सांगायचं कारण असं, की हल्ली पक्वान्नाच्या चवीची गार कॉफी म्हटलं की तिरामिसू, कॅरमेल, चीजकेक ही नावं पुढे येतात आणि हा सगळा प्रकार कालपरवा बाहेरून आला असं धरून चाललं जातं. नावं बाहेरची आहेत, हे खरं. पण कॉफीला गोडाच्या पंगतीत बसवणं आपल्याकडे जुनंच आहे. आपल्याकडे नव्हता तो गारवा. कॉफी, दूध आणि बर्फ या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी घरात आल्या, आणि त्या एका ओट्यावर जमेपर्यंत शंभराहून अधिक वर्षं गेली.

कॉफीची वाट सोलापूरकरांना तशी जवळची. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी संताने येमेनहून सात बिया आणून चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. चिकमगळूरजवळचा तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आजही भारतातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकात पिकते, आणि कर्नाटकची हद्द आमच्या जिल्ह्याला लागून आहे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापुरात पोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडच्या मार्गाशी जोडला गेला. सूतगिरण्या आणि हातमाग यांच्या ओढीने तेलुगू विणकर कुटुंबं इथे स्थिरावली, कानडी तर आधीपासूनच होती. एका गल्लीत तीन-चार भाषा ऐकू येणाऱ्या या गावात कॉफीचेही दोन प्रकार शेजारी शेजारी नांदले. एक आमची जायफळाची, पातेल्यात उकळलेली. दुसरी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेली, चिकोरी मिसळलेली.

चिकोरीचं मूळ युरोपातल्या टंचाईत आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनशी व्यापार बंद करायला लावला, तेव्हा कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रान्समध्ये भाजलेली चिकोरीची मुळं कॉफीत मिसळायची पद्धत पसरली. टंचाई संपली तरी चव टिकली. मुंबईत पेस्तनजी एदलजी यांनी १८८८ मध्ये कॉफी दळून विकायला सुरुवात केली. ‘पोल्सन’ हा त्यांचा ब्रँड, आणि चिकोरी घातलेली त्यांची पूड ‘फ्रेंच कॉफी’ म्हणूनच खपायची.

या पोल्सनपाशी थोडं थांबायला हवं, कारण दुधाची वाटही इथूनच फुटते. कॉफीवाल्या पोल्सनने पुढे लोण्यात हात घातला आणि १९३० मध्ये गुजरातेत आणंदला डेअरी उभारली. खेडा जिल्ह्यातलं दूध मुंबईला पुरवण्याची मक्तेदारी त्यांच्याकडे गेली, शेतकऱ्याच्या हाती मात्र फार थोडं पडू लागलं. १९४६ मध्ये शेतकऱ्यांनी १५ दिवस दूध देणं बंद ठेवलं. त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. तोच पुढे अमूल झाला, आणि १९७० पासूनच्या दूध महापूर योजनेने तो नमुना देशभर नेला. आज मी फ्रिजमधून गार दुधाची पिशवी काढते, तेव्हा त्यामागे हा झगडा आहे याची जाण मला मनापासून महत्त्वाची वाटते. एका कॉफीवाल्याने लोणी काढलं, त्याच्या दुधाच्या मक्तेदारीवरून संप झाला, आणि त्या संपातून आपल्या घरात रोजचं दूध आलं.

आता बर्फ. अकबराच्या काळात सोऱ्याच्या पाण्यात सुरया फिरवून पाणी गार करत आणि डोंगरातून बर्फ आणवत, याची नोंद ऐन-ए-अकबरीत आहे. पण ते दरबाराचं सुख. समुद्रमार्गे बर्फ आला १८३३ मध्ये. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात झाकून, कलकत्त्याला पाठवला. मे महिन्यात १८० टन बर्फ घेऊन निघालेलं जहाज सप्टेंबरात पोचलं, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. चार महिन्यांचा उष्ण समुद्र पार करून अर्ध्याहून अधिक बर्फ टिकला तो केवळ लाकडाच्या भुशामुळे, आणि नीट रचल्यामुळे. पुढे मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यंत्राने बर्फ तयार होऊ लागला आणि हा व्यापार संपला. भुसा मात्र राहिला. भुसा आणि गोणपाटात गुंडाळलेली, सायकलच्या कॅरियरला दोरीने बांधून आणलेली बर्फाची लादी माझ्या लहानपणी मी स्वतः पाहिली आहे.

ती लादी यायची पॉटच्या आईस्क्रीमसाठी. लाकडी बादली, मध्ये दुधाचा डबा, भोवती बर्फाचे तुकडे आणि खडे मीठ, वर फिरवायचा दांडा. असा हाताने फिरवायचा पॉट अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ मध्ये पेटंट केला. मीठ कशाला, हा प्रश्न आम्ही सगळ्यांनी विचारलेला असतो. मिठाचं पाणी शून्य अंशालाही गोठत नाही. त्यामुळे मीठ लागलेला बर्फ भराभर वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आतल्या डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आमच्या गावात अंगणात बसून आळीपाळीने तो दांडा फिरवणं म्हणजे मोठा सोहळा असे. गोदरेजने १९५८ मध्ये देशात फ्रिज बनवला, तरी सामान्य घरात तो यायला पुढची दोन-तीन दशकं लागली. बर्फाचा साचा घरात आला आणि मगच गार कॉफी ‘करायची’ गोष्ट झाली. तोवर ती बाहेर जाऊन ‘प्यायची’ होती.

बाहेरच्या जगात तोवर बरंच घडलं होतं. अल्जीरियातल्या माझाग्रान इथल्या १८४० च्या लढाईशी जोडलेली गार, गोड कॉफी फ्रेंच सैनिकांबरोबर पॅरिसला गेली. जर्मनीत गार कॉफीवर व्हॅनिला आईस्क्रीम आणि फेटलेली साय घालून ‘आइसकाफे’ देतात. इटलीत आईस्क्रीमवर गरम एस्प्रेसो, म्हणजे दाट काळी कॉफी, ओततात, त्याला ‘अफोगातो’ म्हणजे ‘बुडवलेलं’ म्हणतात. आपल्या हॉटेलांतली ‘कोल्ड कॉफी विथ आईस्क्रीम’ याच कुळातली, फक्त आपण ती मिक्सरमध्ये फिरवली.

घरच्या कॉफीच्या दृष्टीने मला यापेक्षा महत्त्वाची वाटते ती ग्रीसमधली एक साधी घटना. ब्राझीलमध्ये कॉफीचं पीक अमाप झालं होतं, त्यावर तोड शोधताना नेस्लेने १९३८ मध्ये नेसकॅफे ही पाण्यात विरघळणारी झटपट कॉफी बाजारात आणली. त्या पुडीला १९५७ साली थेस्सालोनिकीच्या जत्रेत एक नवी वाट सापडली. नेस्लेच्या प्रदर्शनात काम करणाऱ्या दिमित्रिस वाकोन्दिओस यांना कॉफी हवी होती, गरम पाणी मिळेना. त्यांनी पूड गार पाण्यात घालून शेकरमध्ये घुसळली. वर जाड फेस आला. ग्रीक ‘फ्रापे’ तो हाच.

हा फेस कसा येतो हे कळलं की निम्मी कृती कळते. झटपट कॉफीत बियांमधलं तेल फारच थोडं उरलेलं असतं, आणि तेल हा फेसाचा शत्रू. उरलेले घटक हवेच्या बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. त्यात साखर असली की पाणी दाट होतं आणि बुडबुडे फुटायला वेळ लागतो. आपल्या घरांत कित्येक वर्षं वाटीत चमचाभर पूड, दोन चमचे साखर आणि चार थेंब पाणी घेऊन, हात भरून येईपर्यंत घोटली जायची ती फेटलेली कॉफी याच तत्त्वावर. मंगल कार्यालयात जेवणानंतर मिळणाऱ्या, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेल्या ‘एक्स्प्रेसो’चा फेस वाफेने यायचा. तो तसा मिळावा म्हणूनच घरोघरी वाट्या घोटल्या गेल्या. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत ‘दालगोना कॉफी’ जगभर गाजली, तेव्हा आमच्या शेजारच्या अक्का म्हणाल्या, “हे तर आपण आधीपासूनच करतोय की!” त्यांचं बरोबर होतं. त्या जानेवारीत जंग इल-वू या कोरियन अभिनेत्याने मकाऊमध्ये अशी कॉफी चाखून तिची चव दालगोनासारखी आहे असं म्हटलं, त्यावरून नाव पडलं. दालगोना ही साखर वितळवून, खायचा सोडा घालून केलेली कोरियन मिठाई. म्हणजे तिथेही कॉफीला एका ओळखीच्या गोडाचं नाव मिळालं.

तिरामिसूचं तसंच, पण उलट्या दिशेने. व्हेनिसजवळच्या त्रेविझो गावातल्या ‘ले बेकेरिए’ या उपाहारगृहात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पक्वान्न नावारूपाला आलं. कॉफीत भिजवलेली बिस्किटं, मास्कार्पोने नावाचं मऊ चीज, अंडी, वर कोको. कॉफी त्यात आधीपासूनच होती, त्यामुळे त्याचं पेय करणं सोपं गेलं. स्टारबक्सने १९९५ मध्ये फ्रापुचिनो ही बर्फात घुसळलेली गोड कॉफी आणल्यावर आणि १९९६ मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे सुरू झाल्यावर उंच पेला, वर क्रीम, वर सॉस हे चित्र आपल्याही डोळ्यांत बसलं.

माझं म्हणणं इतकंच, की सोलापुरात बसून हा पेला करायचा तर सरबताच्या बाटलीतलं तिरामिसू कशाला? आपली शेंगापोळी आहे. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, गूळ, तीळ, पातळ पारी. कानडी घरांत हीच ‘शेंगा होळिगे’. कॉफीशी तिचं जमतं याला कारण आहे. दाणे भाजताना आणि कॉफीच्या बिया भाजताना एकाच जातीच्या रासायनिक क्रिया होतात, त्यामुळे दोन्हींच्या खमंगपणात नातं असतं. गुळात साखरेशिवाय क्षार असतात, त्यांची किंचित कडसर-खारट चव कॉफीच्या कडूपणाला आधार देते. पांढऱ्या साखरेला ते जमत नाही.

दोन पेल्यांसाठी मी तीन मोठे चमचे किसलेला गूळ तेवढ्याच पाण्यात विरघळवते, गाळते आणि पूर्ण गार करते. गूळ उकळत्या दुधात घातला तर त्यातल्या आम्लामुळे दूध फाटतं. आई पुरणपोळीबरोबरचं गुळाचं दूध करताना हे नेहमी बजावायची. गार पाक गार दुधात घातला की तो धोका राहत नाही. दोन मोठे चमचे भाजलेले, सोललेले दाणे मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत वाटायचे, मग त्यात ३०० मिलिलिटर गार दूध, गुळाचा पाक आणि चिमूटभर मीठ घालून पुन्हा फिरवायचं. मीठ वगळू नये. गारव्याने जिभेला गोडी कमी जाणवते, म्हणूनच वितळलेलं आईस्क्रीम इतकं गुळमट लागतं. नुसती गोडी वाढवत नेण्यापेक्षा मिठाने चव उठवलेली बरी.

कॉफी वेगळी. दोन चमचे झटपट कॉफी, दोन चमचे साखर, दोन चमचे गरम पाणी, आणि फेस चमच्यावर उभा राहीपर्यंत घोटणं. इथे गूळ वापरून पाहिला, फेस तितका टिकत नाही. दाण्याचं दूध त्यात आधीच मिसळू नये, कारण दाण्याचं तेल फेस बसवतं. फिल्टर कॉफी आवडत असेल तर तिचा फेस येणार नाही, पण तिचा दाट अर्क आदल्या रात्री बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवता येतो. आमच्या उन्हाळ्यात तेच जास्त शहाणपणाचं. साधा बर्फ पाच मिनिटांत पाणी होऊन सगळं बेचव करतो, कॉफीचा बर्फ वितळेल तसा पेला उलट कडक होत जातो.

पेल्यात तळाला कॉफीचा बर्फ, त्यावर दाण्याचं दूध, त्यावर फेस. सगळ्यात शेवटी, प्यायला द्यायच्या क्षणी, तव्यावर थोड्या तुपात कुरकुरीत केलेल्या शेंगापोळीचा चुरा आणि जायफळाचे दोन-चार फेर. चुरा आधी घातला तर तो भिजून तळाला जातो. जायफळ किसणीवर ताजंच घ्यायचं, आजी घ्यायची तसं.